पोटाची जाहिरात

बाणेर रोडला विक्रमशेठने जे काही सुरू केलं, त्याला व्यायामशाळा म्हणायचं नाही, अशी त्याची सक्त ताकीद होती. जिम म्हणायचं. काचेच्या दारावर निळ्या दिव्यांनी 'व्ही-फिट' असं लिहिलेलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी त्याच्या आईने, सरूबाईने, ते नाव सुनेकडून वाचून घेतलं आणि काळजीने विचारलं, "फिट कुनाला येती गं?"

गोष्ट दोन हजार सात सालची. त्या जिमच्या जागेवर दहा-बारा वर्षांपूर्वी कांदा निघत असे. मग गाव महापालिकेत आलं, रस्ता रुंद झाला, हिंजवडीला कंप्युटरच्या कंपन्या आल्या, आणि विक्रमच्या रानात पाच मजली इमारत उगवली. विक्रमचा विक्रमशेठ झाला. या घराण्यात बसून खाणारी ही पहिलीच पिढी. कामाचा पूर्वानुभव काहीच नव्हता, तरी विक्रमशेठने ते मन लावून केलं. छत्तिसाव्या वर्षी त्याचं पोट त्याच्या आधी खोलीत शिरत होतं.

जिम चांगली होती. यंत्रं परदेशी, आरसे छतापर्यंत, आणि बार्शीहून आलेला उत्तरेश्वर नावाचा ट्रेनर, ज्याचे दंड पाहून दारातला वॉचमनही सरळ उभा राहायचा. गिऱ्हाईक म्हणजे हिंजवडीची मंडळी. दिवसभर खुर्चीत बसून यांची पोटं सुटणार आणि ती आत घ्यायला ती इथे येणार, असा विक्रमशेठचा साधा हिशेब होता.

एका संध्याकाळी निकिता नावाची मुलगी चौकशीला आली. वय अठ्ठावीस, गळ्यात कंपनीचं कार्ड, अंगाने जाड. विक्रमशेठ काउंटरमागे कांदाभजी खात बसला होता.

"इथे रिझल्ट्स मिळतात का?" तिने उत्तरेश्वरला विचारलं.

"हंड्रेड पर्सेंट, मॅडम."

तिची नजर भज्यांवरून वर सरकत विक्रमशेठवर आली. "हे नवीन मेंबर आहेत?"

"नाही नाही. हे ओनर."

"ओह," निकिता म्हणाली. हातातलं माहितीपत्रक तिने नीट घडी घालून परत काउंटरवर ठेवलं. "म्हणजे हे रोज इथेच असतात."

आणि ती गेली.

विक्रमशेठने उरलेली भजी संपवली, कारण गार भजी टाकून देणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण ती गोड लागली नाहीत. त्या रात्री त्याने बायकोला, तनुजाला, सांगितलं की उद्यापासून आपण व्यायाम करणार. तनुजा बी.कॉम. होती आणि घरातले भाड्याचे सगळे व्यवहार तीच बघत असे. ती फक्त "बरं" म्हणाली. असे उद्या तिने बरेच पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी तो ट्रेडमिलवर चढला आणि मोबाइलवर एका प्लॉटचा सौदा करत अर्धा तास इतक्या सावकाश चालला की शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला वाटलं, पट्टा बंद पडलाय. नंतर दुधीचा रस झाला. नंतर फक्त फळं. नंतर फक्त फळं आणि रात्री थोडंसं मटण. आठवडाभरात पोट होतं तिथेच होतं, फक्त त्याचा मालक चिडचिडा झाला होता.

मग रविवारच्या पुरवणीत त्याला ती जाहिरात दिसली. डावीकडे ढेरपोट्या माणूस, उजवीकडे त्याचं सपाट पोट. मध्ये एक बाण. तो बाण विक्रमशेठला फार आवडला. त्यात घाम नव्हता, दुधी नव्हता, पहाट नव्हती.

"लायपोसक्शन म्हणत्यात याला," त्याने तनुजाला दाखवलं. "नळी घालायची आन चरबी ओढून घ्यायची. विहिरीतलं पाणी उपसल्यासारखं."

तनुजाने चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले. "अहो, या दोघांची नाकं वेगळी आहेत."

"वजन उतरल्यावर नाक बदलतंच की."

*

डॉक्टर प्रभात रोडच्या एका गल्लीत होते. डॉ. अनिरुद्ध हे नामांकित प्लास्टिक सर्जन, पुण्यात जन्मलेले आणि त्याची पूर्ण जाणीव असलेले. प्रतीक्षेच्या खोलीत एकच पाटी होती: 'येथे चरबी काढली जाते. सवयी काढल्या जात नाहीत.' तनुजाने ती दोनदा वाचली. विक्रमशेठ तेवढ्यात आतल्या एसीचं टनेज बघत होता.

डॉक्टरांनी त्याला उभं केलं, शर्ट वर करायला लावला आणि कमरेजवळची चरबी चिमटीत धरली.

"ही चिमटीत येते ती कातडीखालची. ही मी काढू शकतो. आता पोट आवळा." त्यांनी बोटाने पोटावर टकटक केलं. "हे टणक लागतंय ना, ती आतली चरबी. आतड्यांभोवतीची. तुमचं पोट पुढे येतं ते बरंचसं हिच्यामुळे. तिथे माझी नळी जात नाही, आणि जाऊही नये."

"मग ती कशी काढायची?"

"ती तुम्ही काढायची. खाणं कमी, हालचाल जास्त. उद्योग काय करता आपण?"

विक्रमशेठ घुटमळला. "जिम आहे माझी."

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे लांब पडतं अशीही अडचण नाही."

तनुजाने खिडकीबाहेर पाहिलं.

"पण डॉक्टर, सपाट होईल ना पोट?"

"सपाट पाट असतो. तुमचं पोट थोडं आटोपशीर होईल. कमरेच्या वळ्या जातील, पँट बरी बसेल. हे आकाराचं काम आहे, वजनाचं नाही. काट्यावर दोन-तीन किलोचा फरक पडला तर पडला. त्यातही आधी सूज येईल, काही आठवडे बेल्ट घालावा लागेल, कातडी बधिर वाटेल, आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातील. खरं तर हे ऑपरेशन वजन आटोक्यात असणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही आधी पाच-सहा किलो उतरवा, तंबाखू बंद करा, मग या."

"आणि एकदा काढली की परत येत नाही ना?"

"काढलेली परत येत नाही. पण तुम्ही पूर्वीसारखंच खाल्लंत तर नवी येते, आणि ती जुन्या जागेवरच बसेल असं नाही. पाठीवर बसेल, दंडांवर बसेल, आत बसेल. जागेची टंचाई शरीराला नसते." डॉक्टर खुर्चीत टेकले. "आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा."

विक्रमशेठने सगळं म्हणून दाखवलं. वजन उतरणार नाही, पोट सपाट होणार नाही, सूज येणार, सहा महिने लागणार. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं. एकही शब्द चुकला नाही, आणि एकही शब्द आत गेला नाही. गाडीत बसल्यावर तो तनुजाला म्हणाला, "डॉक्टर लोकांना असं सांगावंच लागतं. कायद्यानं."

तीन महिने तो ताक, काकडी आणि संतापावर जगला. शहाण्णवचे ब्याण्णव झाले. डॉक्टरांनी एक भुवई वर केली, सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं, पुन्हा म्हणवून घेतलं आणि फेब्रुवारीतली तारीख दिली.

घरी सांगायचं काय हा प्रश्न होता. तिरुपतीला जातो म्हटलं असतं तर डोकं भादरून यावं लागलं असतं. म्हणून महाबळेश्वर ठरलं. खरी गोष्ट तनुजाला आणि उत्तरेश्वरला, दोघांनाच माहीत होती.

ऑपरेशन ठीक झालं. शुद्धीवर आल्यावर विक्रमशेठने पहिली मागणी केली ती चरबी बघायची. नर्सने मोबाइलमधला फोटो दाखवला. बरणीत पिवळट काहीतरी होतं, खाली लालसर पाणी.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"आणि त्यातलंही खालचं पाणी चरबी सैल व्हायला आम्हीच आत सोडलं होतं," नर्स म्हणाली.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर तो कुणी नसताना काट्यावर उभा राहिला. ऑपरेशनच्या आधीपेक्षा दोन किलो जास्त. त्याने तिथूनच फोन लावला. "डॉक्टर, वाढलंय!"

"सूज आहे. अंगात पाणी धरलंय. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं हो. पण एवढं खरं सांगितलं असेल असं वाटलं नव्हतं."

पुढचे आठवडे बेल्टचे होते. छातीखालपासून मांड्यांपर्यंत घट्ट, जाड, कातडीच्या रंगाचा. मार्चचं ऊन, वर शर्ट. त्याला खाली वाकता येईना, आणि बुटांच्या नाड्या तनुजा बांधायला लागली. सरूबाईच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

"ह्याला काय झालंय?" तिने सुनेला कोपऱ्यात घेतलं.

"पाठीचा त्रास आहे, आई. पट्टा दिलाय."

दुपारी भैरवनाथाच्या देवळासमोर बसणाऱ्या सगळ्या बायकांना कळलं की इक्रमचा मणका सरकलाय. संध्याकाळी तिघीजणी तेल घेऊन आल्या. पण दोन दिवसांनी विक्रमशेठ बेल्ट काढून पंख्याखाली उताणा पडला असताना सरूबाई आत आली आणि तिला बेंबीजवळचे आणि कमरेवरचे टाक्यांचे बारीक व्रण दिसले.

"ही भोकं कशाची?"

विक्रमशेठने डोळे मिटून घेतले. उत्तर तनुजाला द्यावं लागलं. "दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, आई. मणक्याचं. तुम्हाला काळजी नको म्हणून बोललो नाही."

"मनक्याचं? पोटातनं?"

"हल्ली तसंच करतात."

सरूबाईने ते व्रण पुन्हा एकदा न्याहाळले. मग लेकाच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "करंनात बापडे कुठनं बी. बरा हो म्हंजी झालं." आणि तिने त्याच्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतले.

*

मे महिन्यात सूज बरीच उतरली. पट्ट्याचं बक्कल दोन भोकं आत आलं. कमरेच्या वळ्या गेल्या होत्या, आणि शर्ट खोचला तर खोचलेला राहात होता. विक्रमशेठ आरशासमोर एका अंगाने उभा राहून स्वतःकडे बघत असताना तनुजा मागून आली.

"छान दिसतंय हो," ती म्हणाली. "खरंच."

तिने ते मनापासून म्हटलं होतं, आणि त्याला कळलंही ते. तो लग्नात लाजला नव्हता एवढा लाजला. तो तिथेच थांबला असता तर गोष्ट इथेच संपली असती आणि सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण विक्रमशेठच्या डोक्यात तो बाण होता.

नारायण पेठेत एक फ्लेक्स करून देणारा होता. त्याने विक्रमशेठचा जुना फोटो डावीकडे टाकला, नवा उजवीकडे.

"साहेब, थोडं आत घेऊ का?" त्याने माउस हातात घेत विचारलं.

"घे."

"अजून?"

"घे की."

डॉक्टरांच्या नळीला जे तीन तासांत जमलं नव्हतं, ते त्याने चहा येईपर्यंत करून टाकलं. मध्ये लाल बाण. डावीकडे '९६ किलो', उजवीकडे '७८ किलो'. खालचा मजकूर उत्तरेश्वरने सुचवला: 'फक्त तीन महिन्यांत! ना गोळी, ना ऑपरेशन, फक्त घाम!'

"ऑपरेशन हा शब्द कशाला घातला?" तनुजाने विचारलं.

"कुनी विचारायच्या आधी आपनच सांगितलेलं बरं."

फ्लेक्स बाणेर फाट्यावर लागला आणि जिमला रांग लागली. लोक येऊन उत्तरेश्वरला विचारायचे, विक्रमशेठ पॅकेज कितीला? असं पॅकेज नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून होतं.

निकिताही परत आली. पहिल्या वेळचं तिला आठवत होतं, म्हणून ती सरळ विक्रमशेठसमोर जाऊन उभी राहिली. "सर, सॉरी. मी त्या दिवशी फार रूड बोलले."

"चालायचंच," विक्रमशेठ मोठ्या मनाने म्हणाला.

"तुम्ही एक्झॅक्टली काय केलंत ते मला सांगाल का? मला सीरियसली करायचंय." ती जळगावची होती. रोज बारा तास स्क्रीनसमोर, रात्री अमेरिकेचे कॉल. आई दर रविवारी फोन करून वजन विचारायची. पगार किती वाढला हे तिने कधी विचारलं नव्हतं. "दोन मुलांनी नकार दिला. तिसऱ्याने फोटो मागवलाय, आणि तोही फुल साइज."

विक्रमशेठने काय केलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. "पहाटे पाचला दुधीचा रस," तो म्हणाला. पुढे काहीतरी हवं होतं. "मग तीनशे सिट-अप्स."

"रोज?"

"रोज."

मागे उत्तरेश्वरला खोकला आला.

निकिताने ते केलं. झोप चार तासांवर आली, पण तिने ते केलं. बघून बघून आणखी आठ-दहा जण करायला लागले. पहाटेच्या वेळी व्ही-फिटमध्ये सॉफ्टवेअरची अख्खी रांग जमिनीवर पडून उठायची आणि उठून पडायची, आणि विक्रमशेठ तेव्हा घरी झोपलेला असायचा. दोन महिने झाले. निकिताची पाठ दुखायला लागली. पोट होतं तसंच राहिलं.

"माझ्यातच काहीतरी प्रॉब्लेम असणार, सर," ती एकदा त्याला म्हणाली. "तुमचं झालं, माझं का नाही होत?"

"होईल, होईल," तो म्हणाला. "धीर धरा." आणि लगेच एका फोनचं निमित्त करून बाहेर गेला.

इकडे त्याचं स्वतःचं जेवण जोरात होतं. चरबी जिथे साठायची त्या पेशीच ओढून टाकल्यात, आता ती बसणार कुठे, असं त्याचं शास्त्र होतं. जत्रांची मटणं झाली, सौद्यांच्या पार्ट्या झाल्या, डिंकाच्या लाडवांचे डबे झाले. चरबीला जागा सापडत गेली. शर्ट पाठीत आणि दंडात घट्ट व्हायला लागले. विक्रमशेठने ते उत्तरेश्वरला दाखवलं.

"मसल भरतायत, शेठ," उत्तरेश्वर म्हणाला. पगाराची तारीख जवळ आली होती.

*

दिवाळीआधी जिमचा पहिला वाढदिवस झाला. खुर्च्या मांडल्या, मांडव घातला, मेंबर आणि गावकरी दोन्ही बोलावले. पहिल्या रांगेत नवी नऊवारी नेसून सरूबाई बसली होती. कुणाचं किती वजन उतरलं याची स्पर्धा होती, आणि त्यासाठी विक्रमशेठने खास मोठ्या आकड्यांचा काटा आणला होता. मागच्या रांगेतूनही वाचता यावा असा.

बक्षिसं झाली. पहिलं बक्षीस ज्याला मिळालं त्याला मध्ये टायफॉइड झाला होता, पण तो तपशील कुणी काढला नाही. मग विक्रमशेठ भाषणाला उभा राहिला. "मनात आणलं तर मानूस काय करू शकत न्हाई," अशी सुरुवात करून तो रंगात येत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सर, तुम्ही पण काट्यावर!"

टाळ्या झाल्या. "सर! सर! सर!" सुरू झालं. विक्रमशेठने हसून हात हलवले, पण टाळ्या थांबेनात. शेवटी तो चढला.

काट्यावर लाल आकड्यांत आलं: ९७.

लोकांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग मांडवासाठी आणून मागे टांगलेल्या फ्लेक्सकडे.

"मशीन बिघडलंय," उत्तरेश्वर पुढे धावला.

निकिता उठली, शांतपणे काट्यावर चढली, उतरली. "माझं बरोबर दाखवतंय," ती म्हणाली. "अनफॉर्च्युनेटली."

"मग ते मसल आहे! मसलचं वजन जास्त असतं!"

"तर मग दहा सिट-अप्स होऊन जाऊ देत," पहाटेच्या रांगेतला एकजण म्हणाला. "तीनशे नको. दहाच."

लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. विक्रमशेठला दुसरं काही सुचेना. तो सतरंजीवर बसला, मागे टेकला, आणि उठायचा प्रयत्न करणार इतक्यात सरूबाई पहिल्या रांगेतून ताडकन उठली.

"आरं ए! वाकायला लावू नका त्याला! आपरेशन झालंय त्याचं!"

"कसलं ऑपरेशन, आजी?"

"मनक्याचं. पोटातनं केलंय. खोटं वाटत आसंल तर ही बगा भोकं." आणि आईच्या हक्काने तिने भर मांडवात लेकाचा टी-शर्ट वर केला.

पुढच्या रांगेतल्या एका मेंबरने वाकून बघितलं. त्याच्या मावशीने मुंबईला हेच करून घेतलं होतं. "मणका कसला," तो म्हणाला. "लायपो आहे हे."

मग जे हसू सुटलं ते रस्त्यापर्यंत गेलं. गावकरी हसले, मेंबर हसले, मांडववालाही हसला. सरूबाई सगळ्यांकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या आपरेशनला हसतात कसे, हे तिला कळेना. तनुजाने तिला हाताला धरून घरी नेलं. निकिता हसली नाही. तिने पर्स उचलली आणि ती निघून गेली.

*

चार दिवसांनी विक्रमशेठ तक्रार घेऊन प्रभात रोडला गेला. डॉक्टरांनी त्याला उभं केलं, जुने फोटो काढले, टेपने मापं घेतली.

"मी जिथून काढली तिथे अजूनही कमीच आहे," ते म्हणाले. "बाकी ठिकाणी तुम्ही भरली. पाठीचं काम विशेष चांगलं झालंय तुमचं."

"मग आता पाठीचं करू या?"

डॉक्टरांनी टेप गुंडाळून खणात ठेवला. "बाणेरला माझे मेव्हणे राहतात. तुमच्या फ्लेक्सचा फोटो त्यांनी मला पाठवला होता. 'ना ऑपरेशन' वाचून समाधान वाटलं. निदान माझं नाव तरी कुठे आलं नाही. या आता."

फ्लेक्स त्याच आठवड्यात उतरला. जिमचे निम्मे मेंबर सोडून गेले. उरलेले निम्मे टिकले, कारण त्यांनी वर्षाचे पैसे भरले होते आणि ते तसेही कधी येत नव्हते.

निकिता एका दुपारी लॉकरमधले बूट न्यायला आली. आत कुणी नव्हतं. विक्रमशेठ काउंटरवर एकटाच बसला होता. तिने बूट पिशवीत घातले, दारापर्यंत गेली आणि वळली.

"तीनशे हा आकडा कुठून आणलात?"

"सुचला," विक्रमशेठ म्हणाला.

"मी फिजिओकडे जातेय पाठीसाठी."

"चुकलं माझं."

"चुकलं नाही. खोटं बोललात. मी दोन महिने स्वतःला दोष देत होते. मला वाटत होतं, माझ्यातच विलपॉवर नाही."

त्याने मान खाली घातली. गेल्या काही दिवसांत गावभर त्याच्यावर हसून झालं होतं, आणि ते त्याने पचवलंही होतं. हे पचण्यातलं नव्हतं.

निकिता तरी उभीच होती. "एक विचारू? दुखतं का खूप?"

तेव्हा त्याला उमगलं की ती का थांबली आहे. त्याने समोरची खुर्ची ओढून दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा या विषयावर खरं बोलला. दुखतं, पण ते सोसण्याजोगं असतं. सूज, बेल्ट, बधिर कातडी. पहिले दोन महिने आपण जास्तच जाड झालोत असं वाटतं. मग कंबर खरंच बरी दिसते, पँट बरी बसते. "ते खोटं न्हाई. मला आवडलं होतं. पण वजन उतरत न्हाई त्यानं. आन आपलं डोकं तेच राहतं. खायचं ते खातंच." तो थांबला. "माझ्या डॉक्टरनी हे सगळं आधी सांगितलं होतं. दोनदा. मला ते ऐकायचं नव्हतं."

"तुम्हाला काय ऐकायचं होतं?"

"मी बारीक होनार, एवढंच."

निकिताने पिशवीचा बंद आवळला. "मलाही तेच ऐकायचंय," ती म्हणाली. मग उठली. "थँक्यू. करीन की नाही माहीत नाही. पण करायचं ठरवलं तर कशासाठी करतेय ते तरी कळेल."

पुढे तिने ते केलं नाही. पाठ बरी झाल्यावर ती सकाळची तुकाई टेकडीवर जायला लागली, रात्रीचे कॉल ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याशी वाटून घेतले, आणि सहा महिन्यांत तिचे चार किलो उतरले. आई फोनवर म्हणाली, "चारच?"

विक्रमशेठकडे मात्र वेगळीच वर्दळ सुरू झाली. मांडवात हसलेले गावकरी आता एकेकटे यायला लागले. प्रत्येकजण आत आला की दार लोटून घ्यायचा. सुखदेव त्यातला एक. पूर्वी वीटभट्टी, आता जमिनींचे व्यवहार, आणि पोट विक्रमशेठच्या तोडीचं.

"हसन्यावारी गेलं ते जाऊ दे," तो खुर्चीत मावत म्हणाला. "त्या डागतरचा नंबर दे."

विक्रमशेठने त्याला सगळं सांगितलं. चिमटीतली चरबी वेगळी, आतली वेगळी. काट्यावर दोन-तीन किलो. खात राहिलं तर पाठीवर येणार. त्याने उठून शर्ट वर करून पाठसुद्धा दाखवली.

सुखदेव मान डोलावत ऐकत होता. ऐकताना त्याचा चेहरा खुलत चालला होता.

"समजलं का?" विक्रमशेठने विचारलं.

"समजलं की. तुजं आसं झालं, कारन तू तोंड आवरलं न्हाईस."

"बराबर."

"माजं तसं न्हाई." सुखदेवने समोरच्या डब्यातला डिंकाचा लाडू उचलला आणि त्याचा अर्धा एका घासात संपवला. "धा-पंधरा किलो तर जातील ना माजं?"

विक्रमशेठने एका चिठ्ठीवर नंबर लिहिला, चिठ्ठी सुखदेवच्या खिशात घातली, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.